लांब पट आणि तीन फटके: सराव गतीचा करावा की रेषेचा?

येरवडा_सकाळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेली ११ वर्षे मी येरवड्याच्या गोल्फ मैदानावर आठवड्यातून दोनदा, उजाडता उजाडता खेळायला जातो. माझा हँडिकॅप (मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा) १८ आहे आणि चार वर्षांत तो जागचा हललेला नाही. ड्रायव्हर आणि आयर्न या काठ्यांचे लांब फटके सुधारावेत म्हणून मी प्रशिक्षकाकडे जाऊन पुष्कळ मेहनत घेतली, परंतु पटिंगला, म्हणजे कपाजवळच्या बारीक कापलेल्या गवतावरून (ग्रीनवरून) चेंडू घरंगळत कपात घालण्याच्या फटक्याला (पटला), फेरीपूर्वीच्या पाच मिनिटांपलीकडे कधी वेळ दिला नाही. यंदा दिवाळीनंतर मी एक वही घातली. प्रत्येक ग्रीनवर पहिला पट किती पावलांचा होता आणि चेंडू कपाच्या अलीकडे, पलीकडे, डावीकडे की उजवीकडे थांबला, एवढेच त्यात लिहायचे असे ठरवले.

आठ फेऱ्यांच्या १४४ ग्रीनमध्ये ३१ वेळा मला तीन पट लागले. त्यांपैकी २४ वेळा पहिला पट पाच फुटांहून अधिक अलीकडे किंवा पलीकडे राहिला होता. दिशा चुकल्यामुळे चेंडू तितका दूर गेला असे फक्त ३ वेळा घडले. उरलेल्या ४ वेळा पहिला पट चांगला होता, पण तीन फुटांच्या आतला दुसरा पट चुकला. मी इतकी वर्षे रेषेचा विचार करत होतो, कपाच्या मागे बसून ब्रेक किती येईल, म्हणजे उतारामुळे चेंडू किती वळेल, याचा अंदाज बांधत होतो, आणि वही मात्र सांगते की माझे फटके अंतरावर वाया जात आहेत.

यामागचे कारण साध्या गणितात सापडले. सपाट ग्रीनवर चेंडू किती लांब जाईल हे त्याच्या सुरुवातीच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे ३० फुटांच्या पटला वेग केवळ दहा टक्क्यांनी अधिक दिला, तरी चेंडू ३६ फुटांच्या पुढे जातो आणि परतीचा सहा फुटांचा पट शिल्लक राहतो. त्याच ३० फुटांवर दिशा दोन अंशांनी चुकली, तर चेंडू कपापासून बाजूला जेमतेम एक फूट राहतो. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेच्या नोंदींवरून मांडलेल्या आकड्यांनुसार ८ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूचा पट निम्म्या वेळा जातो, २० फुटांवरून साधारण १५ टक्के वेळा जातो, आणि ३३ फुटांच्या आसपास त्यालाही सरासरी दोन पट लागतात. जगातले सर्वोत्तम खेळाडू २० फुटांवरून शंभरातले ८५ पट चुकवत असतील, तर तिथून चेंडू कपात घालण्याचा हट्ट मी का धरावा? दुसरा पट सोपा उरला, तर त्यात समाधान मानायला हवे.

म्हणून पुढचे सहा आठवडे केवळ गतीचा सराव करण्याचा माझा विचार आहे. सराव ग्रीनवर कपाकडे पाहायचे नाही. ५, १० आणि १५ पावलांवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचून चेंडू तिथे थांबवायचा, आणि मान वर करून पाहण्यापूर्वी तो अलीकडे राहिला की पलीकडे गेला हे मनाशी सांगायचे. हा मार्ग योग्य आहे का, आणि यात काय राहून जाते आहे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

पाणसळ_कोथरूड

वही ठेवण्याची आपली पद्धत मला फार आवडली. निष्कर्षाशी मात्र मी अर्धाच सहमत आहे, आणि त्याचे कारण आपल्या वहीतच आहे.

आपण फक्त तीन पट लागलेल्या ग्रीनची कारणे शोधली. पण चिप करून (ग्रीनबाहेरून छोटा उचलता फटका मारून) चेंडू कपापासून पाच फुटांवर आणला, तो पट चुकला आणि दुसऱ्यात गेला, तर त्या ग्रीनवर दोनच पट झाले. ती चूक आपल्या ३१ मध्ये कुठेच दिसत नाही, फटका मात्र तितकाच गेला. ज्याचे आयर्न ग्रीनच्या बाहेर थांबतात अशा १८ हँडिकॅपच्या खेळाडूला चार ते आठ फुटांचे पट फेरीत अनेकदा येतात. वहीत त्यांचा वेगळा रकाना करावा, म्हणजे खरे चित्र दिसेल.

मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे मोजमापात बोलतो. कपाचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर असतो. मध्यापासून कडेपर्यंत सव्वादोन इंचांहून थोडे कमी अंतर मिळते. दहा फुटांवरून पटरचा (पट मारायच्या काठीचा) फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, एका अंशाने उघडा राहिला आणि चेंडू त्या दिशेने निघाला, तर तो बरोबर कपाच्या कडेवर पोहोचतो. पाच फुटांवर ही सूट दोन अंशांची होते. घड्याळात मिनिटकाटा एका मिनिटात सहा अंश सरकतो, हे लक्षात घेतले म्हणजे दोन अंश किती थोडे ते कळते. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी फेस कुठे पाहतो यावर ठरते. पटर कोणत्या मार्गाने आला याचा वाटा त्या मानाने बराच लहान असतो. पटर सरळ मागे न्यावा की कमानीत न्यावा या वादात लोक महिने घालवतात आणि फेसकडे पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

घरी करण्यासारखा एक सराव सांगतो. बोहरी आळीत एक मीटर लांबीची स्टीलची पट्टी मिळते, रुंदी अडीच ते तीन सेंटिमीटर. ती जमिनीवर ठेवून एका टोकाला चेंडू ठेवावा आणि पट करून तो दुसऱ्या टोकापर्यंत पट्टीवरून न घसरता न्यावा. दिशा एका अंशाने चुकली तर एका मीटरवर चेंडू १७ मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे टोक येण्याआधीच पट्टीवरून उतरतो. सलग दहा वेळा चेंडू टोकापर्यंत गेला, तर फेस सरळ आहे असे समजायला हरकत नाही. ग्रीनवर हेच काम दोन टी करतात. चेंडूच्या पुढे एक फुटावर दोन टी अशा खोचाव्यात की मधली फट ५३ मिलिमीटर राहील. चेंडूचा व्यास सुमारे ४३ मिलिमीटर असतो, त्यामुळे या फटीतून एका अंशाच्या आत निघालेला चेंडूच पार होतो.

एक सावधगिरी घ्यावी. घरातली फरशी सपाट आहे असे गृहीत धरू नये. जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरशीला तर मोरीकडे हमखास ढाळ असतो, आणि नव्या इमारतींतही न्हाणीघराच्या बाजूला तो सापडतो. सराव सुरू करण्याआधी पाणसळ लावून पाहावी. आपलाच फटका वाकडा आहे असे समजून मी एकदा तीन आठवडे पकड बदलत राहिलो होतो. पाणसळ लावल्यावर दिवाणखान्याचाच कोपरा उतरता निघाला.

माजी_कॅडी_लोहगाव

दोघा साहेबांचे वाचून लिहावेसे वाटले. मी शाळेत असल्यापासून कॅडी म्हणून खेळाडूंची बॅग उचलली, आता लहान मुलांना खेळ शिकवतो.

गती आणि रेषा वेगळ्या काढून त्यांतली कोणती आधी असे विचारले, तर उत्तर मिळणार नाही, कारण गती ठरल्याशिवाय रेषा अस्तित्वातच येत नाही. एकाच उतारावरचा एकच पट जोरात मारला तर तो डाव्या कडेवरून सरळ जातो, आणि हलका मारला तर दोन कपांच्या रुंदीइतका बाहेरून फिरून येतो. दोन्ही रेषा खऱ्या आहेत. खेळाडू मला विचारायचे, "लाइन काय आहे?" मी आधी विचारायचो, "साहेब, कपात पडताना चेंडू कसा पडायला हवा, मागच्या भिंतीवर आपटून की पुढच्या कडेवरून घरंगळून?" त्याचे उत्तर मिळाल्यावरच मी बोट दाखवायचो. जो खेळाडू हे आधी ठरवत नाही, तो रेषा एका गतीची धरतो आणि फटका दुसऱ्या गतीचा मारतो. बहुतेक हौशी खेळाडूंचा चेंडू कपाच्या खालच्या बाजूने जातो, तो यामुळेच. मला विचाराल तर कप नसता तर चेंडू एक ते दीड फूट पुढे जाऊन थांबला असता, एवढी गती मनात धरून रेषा पाहावी.

ग्रीन वाचायला डोळ्यांइतकेच पाय लागतात. चेंडू आणि कप यांच्या मधोमध, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहावे आणि वजन कोणत्या पायावर येते ते शांतपणे जाणावे. त्या बाजूला उतार आहे. मग शेवटच्या तीन फुटांकडे नीट पाहावे, कारण चेंडू तिथे मंदावतो आणि मंदावलेला चेंडू उताराला जास्त बळी पडतो. सुरुवातीच्या भागातल्या उताराला मी त्या मानाने कमी महत्त्व देतो. उतरणीचा पट चढणीच्या पटापेक्षा जास्त वळतो, तोही याच कारणाने: तो हळू मारावा लागतो आणि उतारावर जास्त वेळ राहतो.

गवताबद्दलही थोडे लिहितो. आपल्याकडच्या उष्ण हवेत बर्म्युडा जातीचे गवत असलेल्या ग्रीनवर पाती एका दिशेला झुकलेली असतात. चेंडूमागून पाहताना गवत चकाकत असेल तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली आहेत आणि चेंडू जास्त पळेल. गवत गडद, मळकट दिसत असेल तर पाती आपल्याकडे झुकली आहेत आणि चेंडू अडेल. कपाची कडा नीट पाहिली, तर एका बाजूला ती विस्कटलेली दिसते. पाती त्या बाजूला झुकलेली असतात. पावसाळ्यात ग्रीन ओले आणि संथ असते, गवत पटापट वाढते, तेव्हा जोर जास्त लागतो. मार्च ते मे या काळात सकाळचे आणि दुपारचे ग्रीन वेगवेगळे लागते. म्हणून वहीत वेळ आणि महिना लिहावा, नाहीतर जानेवारीत शिकलेली गती जुलैत कामाला येणार नाही.

सकाळी खेळणाऱ्यांना थंडीत एक मोठी सोय मिळते, तिचा फायदा कोणी घेत नाही. पहाटे सराव ग्रीनवर दव असते आणि पट केला की चेंडूची वाट दवात उमटते. वाट किती सरळ निघाली, कुठून वळू लागली, कुठे सर्वांत जास्त वळली, हे सगळे समोर दिसते. एकाच जागेवरून हलका, मध्यम आणि जोराचा असे तीन पट करावेत आणि तीन वाटा शेजारी शेजारी पाहाव्यात. मुलांना हे एकदा दाखवले की गती आणि रेषेचा संबंध वेगळा समजवावा लागत नाही. ऊन चढेपर्यंत जेमतेम अर्धा तास मिळतो.

बावधनची_मृदुला

माजी कॅडी दादांचा प्रतिसाद मी जपून ठेवला आहे. त्यात लवळ्याच्या मैदानावर खेळणाऱ्यांसाठी एक भर घालते. तिथे चहूकडे टेकड्या आहेत आणि डोळा त्या टेकड्यांच्या उताराशी ग्रीनची तुलना करतो. त्यामुळे ग्रीन चढणीचे दिसते आणि पायाला उतरणीचे लागते, असा अनुभव मला अनेकदा आला आहे. मी अशा वेळी पायावर विश्वास ठेवते, आणि ग्रीनकडे चालत येतानाच, साधारण ४० पावलांवरून, संपूर्ण जागेचा कल कुठे आहे ते पाहून ठेवते. ग्रीनवर पोहोचल्यावर तो दिसत नाही.

मला मुख्यतः लिहायचे आहे ते लहान पटांविषयी. येरवडा_सकाळ काकांनी ४ वेळा तीन फुटांच्या आतला पट चुकल्याचे एका ओळीत सांगितले आणि ते पुढे गेले. माझ्या खेळात दोन वर्षांपूर्वी तेच सर्वांत मोठे दुखणे होते. तीन फुटांवर उभी राहिले की उजवा हात आघाताच्या क्षणी आपोआप झटका द्यायचा. सरावात हे होत नसे, कार्डावर गुण लिहायचे असले की होई. त्याबद्दल बोलायला मला संकोच वाटत होता, आणि इतरांनाही वाटत असेल म्हणून मुद्दाम लिहीत आहे.

मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. पहिली म्हणजे डावा हात खाली घेण्याची पकड. तिच्यामुळे डावे मनगट सपाट राहते आणि उजव्या हाताला झटका द्यायला जागा उरत नाही. पहिले तीन आठवडे लांब पटांची गती पूर्ण बिघडली, हे खरे आहे, म्हणून ही पकड मी आता दहा पावलांच्या आतच वापरते. दुसरी गोष्ट नजरेची. कॅल्गरी विद्यापीठातील संशोधक जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला आहे. कसलेल्या खेळाडूंची नजर फटक्यापूर्वी चेंडूवर सुमारे २ ते ३ सेकंद स्थिर राहते आणि फटक्यानंतरही क्षणभर तिथेच असते, असे त्यांना आढळले. मी माझी नजर पाहू लागले, तेव्हा ती चेंडू, पटर आणि कप यांच्यामध्ये सारखी फिरत होती. आता मी चेंडूच्या खाली एक रुपयाचे नाणे आहे अशी कल्पना करते आणि चेंडू गेल्यावर ते नाणे पाहते. घरच्या सरावात खरोखरच नाणे ठेवते. चेंडू कपात पडल्याचा आवाज कानांनी ऐकायचा, डोळ्यांनी पाहायचा नाही.

२०२१ साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या पुण्याचा उदयन माने खेळला, आणि अदिती अशोक चौथी आली तेव्हा घरोघरी लोक पहाटे उठून गोल्फ पाहत होते. तिचे ड्रायव्ह इतर खेळाडूंच्या मागे पडत होते आणि ती पटरच्या बळावर पदकाच्या एका फटक्याइतकी जवळ गेली. ते पाहिल्यावर मी ड्रायव्हिंग रेंजवरचा अर्धा वेळ सराव ग्रीनला दिला.

हिंजवडी_नाईन

मी दीडच वर्ष खेळतो आहे, त्यामुळे प्रश्नच विचारतो. पटर बदलून फरक पडतो का? आणि फेरी चालू असताना यांतला कोणता सराव चालतो?

पाणसळ_कोथरूड

पटर आपल्याला बसत नसेल, तर फरक पडतो. पटरच्या फेसला साधारण ३ ते ४ अंशांचा लॉफ्ट (मागे कललेला कोन) असतो, कारण गवतात किंचित बसलेला चेंडू आधी वर यावा लागतो. हात फार पुढे दाबले की तो लॉफ्ट नाहीसा होतो आणि चेंडू उड्या मारत जातो. लांबी जास्त असेल, तर डोळे चेंडूच्या रेषेच्या फार आत येतात. पवित्रा घेऊन नाकाच्या मुळाशी चेंडू धरावा आणि सोडून द्यावा; तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या थोडा अलीकडे पडला पाहिजे. हे जुळत असेल तर नवा पटर घेण्याची काही गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पटरचे टोक पोटाला किंवा छातीला टेकवून मारण्यास १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे वापरलेला लांब पटर स्वस्तात मिळाला तरी आधी विचार करावा.

नियमांचे म्हणाल, तर नुकत्याच संपवलेल्या होलच्या ग्रीनवर, खेळ खोळंबणार नसेल तर, पटिंगचा सराव करता येतो. मात्र स्पर्धेत समिती त्याला मनाई करू शकते. पट्टी, दोरी, पाणसळ ही साधने फेरीत वापरता येत नाहीत. २०१९ पासून पट करताना झेंडा कपातच ठेवता येतो आणि रेषेतले बुटांचे ओरखडे दुरुस्त करता येतात, या दोन्ही सवलती जरूर घ्याव्यात.

पटर डोळ्यांसमोर लोंबकळत धरून ब्रेक पाहणारे अनेक जण दिसतात, त्याविषयीही लिहितो. ओळंब्याने भिंत उभी आहे की नाही ते कळते. जमीन किती कलली आहे हे कळायला पाणसळ लागते. पाय स्वतःच उतारावर असताना त्या ओळंब्याचा भरवसा मी धरणार नाही. माजी कॅडी साहेबांनी सांगितलेली पायांची पद्धत त्याहून कितीतरी चांगली आहे.

येरवडा_सकाळ (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी परत लिहीत आहे. उशीर झाला, पण नोंदी पूर्ण झाल्याशिवाय लिहायचे नव्हते.

पाणसळ_कोथरूड यांचा आक्षेप बरोबर निघाला. चार ते आठ फुटांचा रकाना सुरू केल्यावर पहिल्याच तीन फेऱ्यांत तिथून २६ पट आले आणि त्यांतले ७ गेले. हे मला आधी दिसलेच नव्हते. त्यामुळे मी सराव बदलला. आठवड्यातले चार दिवस घरी स्टीलच्या पट्टीवर दहा मिनिटे, आणि मैदानावर फेरीपूर्वी वीस मिनिटे फक्त गती. पट्टीवर पहिल्या दिवशी दहातले तीनच चेंडू टोकापर्यंत गेले. आता आठ जातात. सलग दहा अजून एकदाही झाले नाहीत.

गतीच्या सरावात मला वाटले होते त्यापेक्षा लवकर फरक पडला. चेंडू थांबण्यापूर्वी अंदाज सांगण्याची सवय लागल्यावर लक्षात आले की लांब पट करताना मी पटर मागे थोडाच नेत होतो आणि पुढे येताना ढकलत होतो. आता मागे जाण्याला लागणारा वेळ पुढे आघातापर्यंत येण्याच्या साधारण दुप्पट ठेवतो, आणि अंतर वाढले की फक्त झोका वाढवतो, घाई वाढवत नाही. शेवटच्या आठ फेऱ्यांत तीन पट १७ वेळा लागले, आधी ते ३१ होते. चार ते आठ फुटांची सुधारणा मात्र संथ आहे. शेवटच्या तीन फेऱ्यांत २४ पैकी ९ पट गेले.

दवातल्या वाटांविषयी विशेष सांगतो. गेल्या मंगळवारी सराव ग्रीनवर डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या एका जागेवरून मी तीन गतींचे तीन पट केले. जोराच्या पटची वाट जवळपास सरळ होती. हलक्या पटची वाट कपाच्या दोन हात अलीकडे अशी वळली होती की मी कितीतरी वेळ तिच्याकडेच पाहत उभा राहिलो. या ब्रेकसाठी मी अकरा वर्षे एक कप बाहेर धरत होतो, आणि माझ्या गतीला तो अडीच कपांचा होता.

मृदुला ताई, तीन फुटांच्या आतले चुकलेले पट मी आता वेगळे मोजतो. शेवटच्या आठ फेऱ्यांत ते ५ होते, म्हणजे त्यात सुधारणा नाही. नाण्याचा सराव कालपासून सुरू केला आहे.

माजी कॅडी साहेब, थंडी ओसरत आली आहे आणि दव आणखी फार दिवस मिळणार नाही. येत्या रविवारी सूर्योदयापूर्वी मी सराव ग्रीनवर असेन. आपण मुलांना घेऊन येणार असाल तर मलाही त्यांच्या रांगेत उभे राहू द्यावे. टी आणि मोजपट्टी मी आणतो.

माजी_कॅडी_लोहगाव

जरूर या साहेब. सव्वासहाला पोहोचा. पाणी मारण्याआधी आणि ग्रीन कापण्याआधी जागा मोकळी मिळावी म्हणून मी माळ्यांशी बोलून ठेवतो. उतरणीच्या बाजूचे दोन कप आपण घेऊ, आणि पहिले दहा पट कपाशिवाय.